कूलर बंद, माइक चालू

रायपूरच्या तात्यापाऱ्यात चैत्रातली दुपार तापायला लागली आहे. आत्याच्या घराच्या मधल्या अंगणात मी दोन्ही हातांनी एक लांब दांडी तोलून उभा आहे. दांडीच्या टोकाला केसाळ टोपडं घातलेला माइक आहे, त्याच्या खाली वेताच्या खुर्चीत आत्या. वय 84. आत्याची नात कॅमेऱ्यामागून हाताने खुणा करते आहे.

"काका, अजून खाली. अजून. आता दिसला. जरा वर घ्या. बस, तिथंच ठेवा."

माइक आत्याच्या कपाळापासून जेमतेम हातभर वर आणि थोडा पुढे येऊन थांबतो. त्याचं तोंड आत्याच्या छातीकडे आहे, ओठांकडे नाही. वरून खाली रोखल्यामुळे आत्याच्या पलीकडे त्याला फक्त अंगणातली फरशी ऐकू यायची. समोरून रोखला असता तर आत्याच्या मागचा दरवाजा, दरवाज्यामागची गल्ली आणि गल्लीतली सगळी वाहनं त्याच्या टप्प्यात आली असती. हे नातीचं गणित आहे. ती छत्तीसगढी चॅनलांसाठी व्हिडिओ करते. तिल्द्याजवळच्या तुलसी गावात तिने बरेच दिवस काम केलं आहे. रायपूर जिल्ह्यातलं ते गाव चार-एक हजार वस्तीचं, त्यातली हजारेक माणसं या ना त्या नात्याने यूट्यूबच्या कामात, आणि जिल्हा प्रशासनाने 2023मध्ये तिथे 'हमर फ्लिक्स' नावाचा स्टुडिओच उभा करून दिलेला. शेताच्या बांधावर, किराणा दुकानासमोर, चालू हातपंपाशेजारी संवाद स्वच्छ कसा घ्यायचा हे ती तिथे शिकली. पुस्तकात वाचून हे येत नाही.

आज काम मात्र घरचं आहे. आत्याने बोलायचं, तिने टिपायचं. तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी इथल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज राहून जाऊ नये, एवढ्यासाठी.

"एवढ्या गर्मीत कूलर बंद करून राहिली तू?" आत्या विचारते. तक्रार नाही, खात्री करून घेते आहे.

"हो आजी. फ्रीज पण."

फ्रीज तिने खरंच बंद केला आहे, आणि स्कूटीची किल्ली फ्रीजच्या आत, लोणच्याच्या बरणीजवळ ठेवली आहे. निघताना किल्ली शोधली की फ्रीज सुरू करायची आठवण होते. व्हिडिओवाल्यांची ही जुनी रीत. खिडकीतला कूलर थांबल्याबरोबर घरात इतकी शांतता पसरते की एवढा वेळ आपण किती गोंगाटात बसलो होतो ते आत्ता कळतं. वाळ्याची जाळी अजून ओली आहे, तिचा वास येतो आहे. कोपऱ्यात चैत्रगौर पाळण्यात बसलेली. पाठीवरून घामाचा ओघळ उतरतो, पण दांडी हलवता येत नाही.

कानावर हेडफोन आहे, त्यामुळे मला आत्ता आत्या दोनदा ऐकू येते आहे: थोडी बाहेरून, आणि बरीचशी माइकच्या कानाने. नातीने मघाशी टोपडं काढून माइक माझ्या तळहातावर ठेवला होता. 17 सेंटिमीटर लांब, वजन 100 ग्रॅमच्या आत, म्हणजे खिशातल्या फोनपेक्षाही हलका. मागच्या टोकाला दोन बटणं आणि एक बारीक दिवा. बाकी सगळी नळी, आणि नळीच्या दोन्ही अंगांना ओळीने कापलेल्या अरुंद फटी. फटींच्या आत काळी जाळी. आवाज टिपणारी कॅप्सूल नळीच्या पुढच्या टोकाला असेल असं वाटतं, पण ती असते आत, मागे.

सगळी करामत त्या फटींची. समोरून आलेला आवाज नळीच्या तोंडातूनही शिरतो आणि फटींतूनही, पण आतली लाट आणि बाहेरची लाट बरोबरच पुढे सरकत असल्याने सगळा आवाज कॅप्सूलपाशी एकाच वेळी पोहोचतो आणि एकमेकाला बळ देतो. बाजूने आलेला आवाज प्रत्येक फटीतून वेगळा शिरतो. जवळच्या फटीतला आधी पोहोचतो, लांबच्या फटीतला मागाहून. मागेपुढे आलेल्या त्या लाटा एकमेकींना खोडत जातात. आवाज अडवायला कुठे भिंत नाही की कापूस नाही. आरसीए कंपनीतले हॅरी ओल्सन यांनी 1939मध्ये अशा रेषेतल्या मायक्रोफोनांवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा लांब लांब नळ्यांचे प्रयोग चालू होते. सिनेमाच्या सेटवर सत्तरच्या दशकापासून टिकून राहिलेला सेन्हायझरचा एमकेएच 416 आला 25 सेंटिमीटरवर, पण त्याला 48 व्होल्टची वीज पुरवणारं यंत्र जोडीला लागतं. नातीच्या हातातला हा माइक आपल्याच पोटातल्या बॅटरीवर चालतो आणि साध्या बारीक पिनेने कॅमेऱ्याला किंवा फोनला जोडला जातो. नव्या मुलांच्या हातात हे सामान आल्यामुळेच तात्यापाऱ्यातल्या एका अंगणात आज हे होऊ शकतं. मला याचं फार अप्रूप आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

पण या माइकबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला असतो: तो लांबचा आवाज जवळ ओढतो. तसं होत नाही. नात ते मला बोलून सांगत नाही, ऐकवून दाखवते. सुरुवातीला ती माइक कॅमेऱ्याच्या डोक्यावरच लावते, आत्यापासून पाच फुटांवर, आणि आत्याला म्हणते, "आजी, तुझं माहेर सांग."

"माझं माहेर नागपूरचं, महालातलं," आत्या म्हणते.

मग तोच माइक लांब तारेने दांडीवर चढतो, आत्याच्या डोक्यावर येतो, आणि आत्या तेच वाक्य पुन्हा म्हणते. नात दोन्ही एकापाठोपाठ लावते. पहिल्यात आत्या घरात बोलते आहे: तिच्या शब्दांभोवती भिंती आहेत, फरशी आहे, शेजारच्या मिक्सरची घरघर आहे. दुसऱ्यात आत्या माझ्याशी बोलते आहे. 'महालातलं' म्हणताना 'ह'वर तिचा श्वास किंचित अडकतो. इतकी वर्षं ऐकून तो अडखळा माझ्या लक्षात आला नव्हता. यंत्र तेच, माणूस तोच, बदललं ते फक्त अंतर. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने चढतो, पुन्हा निम्मं केलं की आणखी 6. घरघर मात्र होती तेवढीच राहते. ते अंतर कापायचं काम नळी करत नाही. दांडी धरणाऱ्याने हात पुढे करायचा असतो.

मागच्या गल्लीतून एक बुलेट जाते. नात हात वर करते, आत्या थांबते. हेडफोनमध्ये बुलेटचा फटफटाट नाही, त्यातली धार गेली आहे, नुसता एक जाड धब-धब असा गाळ उरला आहे. ही नळीची मर्यादा. या उन्हात आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर धावतो, म्हणजे 100 हर्ट्‌झच्या आवाजाची एकेक लाट साडेतीन मीटर लांब. वीतभरही नसलेल्या नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा लाटेत फरकच पडत नाही, मग खोडणार काय? नळीचा जोर चालतो तो 2000 हर्ट्‌झच्या आसपास आणि वर, जिथे लाटेची लांबी नळीच्या मापात येते. खालच्या आवाजांसाठी कॅप्सूलची स्वतःची जी काय दिशा असेल तेवढीच. म्हणून ट्रक, ढोल, पाण्याची मोटर हे थोडेफार सगळीकडून शिरतात. नात माइकवरचं एक बटण दाबते, खालची घरघर कापणारं. धब-धब बरीच पातळ होते. आत्याचा आवाज त्या घरघरीइतका खाली जात नाही, त्याचं काही बिघडत नाही.

"झालं?" आत्या विचारते. "तुमची बुलेट गेली असेल तर मी बोलू?"

बोलण्याआधी ती एक गोष्ट करते, आणि ती पाहून नात कॅमेरा सोडून उभी राहते. आत्या दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे सरकवते, मांडीवरचा रुमाल उचलते आणि उजव्या हातातल्या बांगड्यांवर गुंडाळून त्याची गाठ मारते. मग डाव्या हाताला पदर गुंडाळते.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आकाशवाणीत सांगत होते," आत्या म्हणते. "कालीबाडीजवळ. आम्ही बायका भजनाला जात होतो ना. स्टुडिओत शिरलं की आधी बांगड्या. कागद वाजवायचा नाही, पान उलटताना बाजूला झुकायचं. आणि तोंड थोडं तिरकं ठेवायचं, 'प' म्हटलं की फुंकर बसते त्याच्यावर."

आकाशवाणीचं रायपूर केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1963ला. आत्या तेव्हा नवी सून असणार. त्या स्टुडिओचं जाड दार, भिंतीवरचं भोकाभोकांचं लाकूड, लाल दिवा लागल्यावर श्वास धरून बसलेल्या सहा-सात बायका, हे ती हातवारे न करता सांगते. हात हलले तर आवाज होईल हे तिला ठाऊक आहे. रेकॉर्डिंगचा शिष्टाचार या अंगणात सर्वांत आधी जर कुणाला येत असेल तर तो हिला. त्या काळी माणसाला यंत्राच्या घरी जावं लागे. आज यंत्र माणसाच्या घरी आलं आहे, आणि त्या घरात कूलर आहे, फ्रीज आहे, कबुतरं आहेत. स्टुडिओने जे काम भिंतींकडून करून घेतलं ते इथे अंगणाची निवड, दांडीचा कोन आणि दुपारी दोनची वेळ यांच्याकडून करून घ्यावं लागतं. दुपारी दोनला गल्ली जेवून पडलेली असते.

नात म्हणते, "आता मिनिटभर कुणीच बोलायचं नाही. नुसतं अंगण घेते." पुढे कुठे वाक्य कापावं लागलं तर जोडायला हीच शांतता लागते; तिथे नुसती पोकळी ठेवली तर कानाला लगेच खटकतं. आम्ही गप्प राहतो. हेडफोनमध्ये अंगण हळूहळू भरत जातं: कबुतराच्या पंखांची फडफड, वाळ्याच्या जाळीतून पडणारा थेंब, पलीकडे कुणी तरी कढईत उलथनं आपटतंय.

मिनिट संपायच्या आत दार ढकलून कामवाली बाई आत येते आणि आम्हा तिघांना पुतळ्यासारखं गप्प पाहून घाबरते.

"का होगे दाई, काबर चुपचाप बइठे हव?"

"रिकार्डिंग होवत हे," आत्या तिला सांगते, "तहूं बइठ."

ती उंबऱ्यावर बसते. नात हे पुसत नाही. मला ते फार आवडतं, आणि का आवडतं ते सांगायला हवं. आत्याची मराठी कधीच एकटी नसते. नातीशी ती नागपूरकडच्या वळणाने बोलते, बाजाराचं सगळं हिंदीत येतं, या बाईशी छत्तीसगढी, आणि एकेका वाक्यात तिन्ही. 1741मध्ये भास्करपंतांच्या फौजेमागून भोसल्यांचा अंमल या मुलखात आला, पुढे बिंबाजी भोसले रतनपूरला राहिले, आणि त्या काळापासून इंग्रजी अमदानीपर्यंत कारकून, वकील, मास्तर, पुजारी अशी मराठी घरं इथे येत राहिली. माधवराव सप्रे यांच्यासारखा माणूस याच वस्तीचा. 1900 साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं. त्यांचं लिहिणं आपल्या हाती आहे. पण त्यांच्या ओसरीवर माणसं एकमेकांशी कशी बोलत असतील, हाक कशी मारत असतील, ते छापील अक्षरातून ऐकू येत नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणासाठी 1913 ते 1929 या काळात देशभरातल्या बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या करून घेतल्या गेल्या, त्यातही पुष्कळांनी सांगितली ती एकच ठरवून दिलेली गोष्ट, बायबलातल्या उधळ्या मुलाची. बोली मिळाली, माणसाचं स्वतःचं सांगणं नाही. त्या मानाने पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेड्याखेड्यांत जाऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, बर्नार बेल यांनी त्यातल्या कितीतरी टेपवर घेतल्या, ते काम मला थोर वाटतं, कारण तिथे गाणाऱ्या बाईला जे म्हणायचं होतं तेच टिपलं गेलं. पाऱ्यापाऱ्यातून हे रायपुरात व्हायला हवं. अशी माणसं अजून आहेत, पण दरवर्षी थोडी कमी होतात.

"कुठे होते मी?" आत्या विचारते.

"छोट्या रेलवर येणार होतीस."

"हां. छोटी रेल."

रायपूर-धमतरीची अडीच फूट रुंदीची लाइन, 1900 साली सुरू झालेली. अभनपूरला तिला राजिमचा फाटा. सासूबरोबर माघातल्या पुन्नी मेळ्याला त्या गाडीने राजिमला गेल्याची हकीकत आत्या सांगते आहे. दशम्या फडक्यात बांधलेल्या, मांडीवर थोरला, पाय ठेवायला जागा नाही, कुणाची तरी कोंबडी पायाशी. माझे दंड भरून आले आहेत, पण हेडफोनमधून हे इतक्या जवळून येतंय की मी हलत नाही. ती 'दशम्या' म्हणते तेव्हा 'श' स्वच्छ वाजतो, बारीक शिट्टीसारखा. तो नळीच्या जोराच्या पट्ट्यातला आवाज.

"आणि शिट्टी कशी द्यायची माहीत आहे?" आत्या म्हणते. "मोठ्या गाडीसारखी नाही. अशी..."

आणि ती मान वर करून, सगळा श्वास लावून शिट्टी घालते. "कूऽऽऽक! कू-कूऽऽऽक!"

माइक हातभर अंतरावर. माझ्या कानात काहीतरी फुटल्यासारखा कर्रकर्र आवाज होतो, कॅमेऱ्यावरची पट्टी हिरव्यातून पिवळ्याला न थांबता सरळ तांबड्यात जाऊन आपटते. बोलण्याचे चढ उणे 12 डेसिबलच्या आसपास राहतील असं नातीने बेतलं होतं, चौऱ्याऐंशी वर्षांच्या छातीतून इंजिन निघेल असं धरलं नव्हतं. शून्यावर गेलेला आवाज कापला जातो; त्याचा माथा सपाट होतो आणि मग कुठल्याही उपायाने तो परत येत नाही. कामवाली बाई खळखळून हसते. आत्या खूश आहे.

"गेलं का सगळं?" मी विचारतो.

"नाही जात," नात म्हणते, आणि टोपडं बाजूला करून माइकच्या मागचा दिवा दाखवते. हा माइक एकच आवाज दोन वाटांनी पाठवतो. डाव्या वाटेने नेहमीच्या पातळीवर, उजव्या वाटेने तोच 20 डेसिबल खाली. डावी फुटली तरी उजवी शाबूत. ती तिथल्या तिथे उजवी वाट एकटी लावून मला ऐकवते. शिट्टी पूर्ण आहे. सुरुवातीचा धक्का, मधे दम कमी होऊन किंचित उतरलेला सूर, शेवटी 'क'वर बंद झालेली जीभ, सगळं आहे. वर अंगणाचा बारीक घुमारासुद्धा.

मला त्या गाडीची खरी शिट्टी आठवत नाही, आणि नातीने ती कधी ऐकलेलीच नाही. शहरातून जाणारा त्या लाइनचा भाग 2017मध्ये बंद झाला, रुळांच्या जागी आता एक्सप्रेस-वे आहे, त्यावरून नवा रायपूरकडे मोटारी जातात. रायपूरच्या रस्त्यांतून ती गाडी जाताना कुणी तरी असा माइक रोखून उभं असेलही. असावं. पण आत्याच्या गळ्यात जी शिट्टी आहे ती तिने ऐकलेली, साठ वर्षं सांभाळलेली आणि आज दिलेली आहे, आणि ती शिट्टी आता उजव्या वाटेवर नीट बसली आहे.

"मला ऐकव," आत्या म्हणते.

नात हेडफोन तिच्या कानांवर बसवते, अंबाड्याला धक्का न लावता. आत्या डोळे न मिटता, समोर भिंतीकडे बघत, चिकित्सेने ऐकते. आकाशवाणीत बसलेली बाई आहे ती. शिट्टीवर मान हलवते. पुढे एका जागी भुवई आक्रसते.

"हे चुकलं. राजिमला जायला अभनपूरला डबे तोडत होते, मी इथे नुसतं 'गाडी वळायची' म्हणून राहिली. सगळी गाडी नाही वळत. अर्धी धमतरीला, अर्धी राजिमला. हे पुन्हा घे."

"असू दे ना आजी, कळतंय."

"तुला कळतंय. जो मागून ऐकेल त्याला काय कळेल?"

नात मुकाट्याने कॅमेऱ्यामागे जाते. मी दांडी उचलतो. कामवाली बाई उंबऱ्यावरच बसून आहे, आणि आता कुणी न सांगता तिनेही आपल्या बांगड्या वर सरकवल्या आहेत. आत्या ते वाक्य पुन्हा सांगते, या वेळी डबे कसे तोडत, साखळी कशी काढत, धमतरीच्या डब्यात चुकून बसलेल्या माणसाला लोक कशी हाक मारून उतरवत, ते सगळं नव्याने निघतं. मघापेक्षा दुप्पट लांब आणि कितीतरी चांगलं.

शेवटी ती स्वतःच हात वर करून थांबायची खूण करते. नात फाइलच्या अखेरीला तारीख, तात्यापारा, रायपूर आणि आत्याचं नाव आपल्या आवाजात सांगून ठेवते आणि कार्ड काढून त्याच्या दोन प्रती करायला लॅपटॉप उघडते.

"माझं राहू दे आता," आत्या बांगड्यांवरची गाठ सोडताना म्हणते. "पलीकडच्या गल्लीत ते आजोबा आहेत ना, त्यांची अख्खी नोकरी त्या लाइनवर गेली. नव्वदीचे आहेत, चार वाजता उठतात. आजच जा. आणि त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा प्रश्न विचारणारा डावीकडे बसवा, नाहीतर ते मान वळवतील आणि तुमचा माइक राहील इकडे."

नात घड्याळ बघते. पावणेचार. ती माइकची बॅटरी तपासते, माझ्याकडे बघते, आणि मी दांडी घडी न करता तशीच खांद्यावर घेतो.